होबार्टच्या तुरुंगात कुलदैवत

सिडनीचा कुत्रा

कुत्रा माझ्या बॅगेपाशी आला, दोनदा हुंगला आणि सरळ बूड टेकून बसला. भुंकला नाही, दात दाखवले नाहीत. सिडनीच्या विमानतळावर कुत्र्यानं बसणं म्हणजेच बोभाटा करणं असतं, हे मला मागाहून कळलं. त्याच्यामागे पंचविशीतली एक गोरी पोरगी होती. "डार्लिंग, यात खायचं काही आहे का?" तिनं विचारलं. मी ठासून सांगितलं, नाही. आता हैदराबादच्या बेगम बाजारात अख्खी सकाळ घालवून घेतलेला काळा मसाला, आमटीला लावायचं घरचं येसर, कारळाची चटणी आणि अंबाडीचं बी, हे सगळं साड्यांच्या घड्यांत कोंबलेलं असताना मी नाही कामून म्हणलं, ते माझं मलाच ठाऊक नाही.

तिनं सगळं उपसलं. मसाला हुंगला, शिंकली, परत ठेवला. अंबाडीचं बी तेवढं घेऊन गेली. बाहेरचं बी त्यांच्या मातीत चालत नाही. "नुसतं सांगितलं असतंस तर एवढी उलथापालथ केली नसती," असं म्हणत तिनं माझ्या साड्या माझ्यापेक्षा नीट घडी करून दिल्या. मागे रांगेत सगळे बघत उभे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी सुमन बिलोलीकर. दिलसुखनगरला राहते, सरकारी कार्यालयात आयुष्य काढून नुकती निवृत्त झाले. आमच्या ह्यांची नोकरी अजून चालू. त्या वर्षी राज्याचे दोन तुकडे झाले होते आणि ह्यांच्या खात्यात कोण तेलंगणात राहणार, कोण आंध्रात जाणार, ते घोंगडं भिजत पडलं होतं. "तू जाऊन ये," हे म्हणाले. "माझं राज्य ठरेपर्यंत मी कुठं हलत नाही." म्हणून एकटीच निघाले. आमची प्रज्ञा ऑस्ट्रेलियाच्या अगदी खालच्या टोकाला, टास्मानिया नावाच्या बेटावर, होबार्टला एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथेच तिला अश्विन भेटला. पोरगा हैदराबादचाच, नारायणगुड्याच्या जुन्या मराठी वकील घराण्यातला. बघा, दिलसुखनगर ते नारायणगुडा बसनं अर्धा तास, पण एकमेकांना गाठायला दोघं पृथ्वीच्या टोकाला गेले. लग्न करायचं ठरलं होतं. अश्विनची आई, सुधाताई, त्याच सुमारास लेकाकडे आल्या होत्या, आणि मी निघाले ती विहीणबाईंना भेटायला.

होबार्ट

गाव देखणं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोक्यावर बर्फ घेतलेला डोंगर, मधल्या उतारावर पत्र्याच्या छपरांची घरं. ऑगस्टमध्ये तिथे थंडी, आणि सूर्य उत्तरेकडून फिरतो, त्यामुळे कपडे कुठल्या बाजूला वाळत घालायचे तेच मला दोन दिवस उमगेना. बसमधून उतरताना प्रत्येक माणूस ड्रायव्हरला थँक्यू म्हणतो. आमच्या दिलसुखनगरच्या बसमधून माणूस जिवंत उतरला की त्याला तेवढंच पुरे असतं.

प्रज्ञा जोन नावाच्या बाईच्या घरात वरच्या मजल्यावर राहते. जोन निवृत्त शिक्षिका, सत्तरीची, नखांत कायम बागेची माती. मी पोचले त्या दुपारी तिनं चहाबरोबर शिंपल्यांचं कालवण भरलेली एक गोल कचोरी पुढं केली. त्याला ते पाय म्हणतात, आणि आत आपल्यासारखी हळद-मसाल्याची करी. काय सांगू, मी दोन खाल्ल्या. जोन खूश झाली. मग मी आपल्या रीतीप्रमाणे विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या?

"मी एका चोरणीच्या वंशातली," जोन म्हणाली, आणि मला आणखी चहा ओतला.

मला वाटलं, माझं इंग्रजी कच्चं पडलं. प्रज्ञा हसायला लागली. मग जोननं सांगितलं, की दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी इंग्लंड-आयर्लंडच्या गरीब बायकांना बारीकसारीक चोऱ्यांसाठी जहाजात कोंबून इथे काळ्या पाण्यावर पाठवायचे. तिच्या खापरपणजीची आई, एलन, त्यातली एक. "रविवारी तुम्हा सगळ्यांना नेऊन दाखवते तिचा तुरुंग," ती म्हणाली. आपल्याकडे गावची जत्रा दाखवायला नेतात त्या उत्साहात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञा मला बंदरावर फिरायला घेऊन गेली. बाकावर बसलो आणि ती म्हणाली, "आई, एक बोलायचंय. अश्विनला मी पहिल्या महिन्यातच सांगितलंय, आपण बौद्ध म्हणून. त्याला काही नाही. त्याच्या आईला सांगितलंय की नाही, मी विचारलं नाही. मला ते त्याच्या तोंडून नको, आपल्या तोंडून जायला पाहिजे. विषय निघाला की तू सहज सांग. छाती बडवायची नाही, लपवायचं पण नाही. मला खोटं घेऊन त्या घरात जायचं नाही. त्यापेक्षा लग्न नको."

"मी काय घाबरते का कुणाला?" मी म्हणलं.

"तू ऑफिसात..."

"ऑफिसातलं ऑफिसात. नक्को शिकवू मला."

एवढीच तिची अट होती.

बायकांचा तुरुंग

रविवारी जोनच्या गाडीत आम्ही पाच जण. पुढे अश्विन, मागे आम्ही तिघी दाटीवाटीनं. सुधाताईंना मी पहिल्यांदाच बघत होते. सुती साडी, त्यावर लेकाचं जाकीट, पायात पळायचे बूट. मी मनात एक खडूस वकिलीणबाई धरून चालले होते, आणि ही बाई गाडीत बसल्या बसल्या म्हणते, "सुमनताई, तुम्हाला थंडी बाधते असं प्रज्ञा म्हणाली, म्हणून ही टोपी विणली. रंग जरा भडक झालाय, हसू नका." टोपी माझ्या डोक्यावर स्वतःच्या हातानं चढवली, कानांवर नीट ओढली. अशा माणसाशी तुटक वागताच येत नाही.

तुरुंग गावाच्या एका कडेला, डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याकाठच्या खोलगट जागेत आहे. ऊन तिथे उशिरा येतं आणि लवकर जातं. बघायला म्हणाल तर काही नाही: उंच दगडी भिंती, आत रिकामी अंगणं, खडी. कोठड्या होत्या तिथे जमिनीवर नुसत्या खुणा. पण जोन बोलायला लागली आणि अंगण भरून गेलं.

एलन लंडनमध्ये मोलकरीण होती. मालकिणीची चादर तिनं उचलली आणि विकली. शिक्षा सात वर्षं. म्हणायला सात, पण परतीचं जहाज ज्याचं त्यानं बघायचं, म्हणजे जन्माचीच. कित्येक महिने समुद्रावर. आल्यावर इथे बायकांची प्रतवारी लावायचे. चांगल्या वागणुकीच्या बायका घरकामाला बाहेर द्यायचे, गुन्हेगार वर्गातल्या इथेच गावाचे कपडे धूत राहायच्या, बर्फाच्या पाण्यात. अंगावरच्या कपड्यांवर मोठं पिवळं अक्षर शिवलेलं, लांबून कळावं म्हणून. मला माझी आजी आठवली. बिलोलीकडच्या आमच्या खेड्यात तिला लांबून ओळखायला अक्षर लागत नव्हतं. ती गावाच्या कुठल्या बाजूनं येतेय, तेवढं पुरायचं.

घरकामाला दिलेली बाई मालकाच्या घरी गरोदर राहिली, की तिला इथे परत आणायचे. बाळंत व्हायची, पोर अंगावरून सुटलं की शिक्षा भोगायला पाठवायचे. शिक्षा तिला. मालकाला काही नाही. पोरं मागे राहायची, आणि ओलसर खोल्यांत पटापट दगावायची. हे सांगताना जोन एका भिंतीला हात लावून उभी होती. सुधाताईंनी पदर डोळ्यांना लावला. "बाईची जात," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी माझा हात धरला.

"पण मला एलनचा राग नाही," जोन म्हणाली. "तिला माझ्या आजीनं झाकलं, त्याचा थोडा आहे. आजी आम्हाला सांगायची, की आपण गव्हर्नरच्या घरच्या कारभारणीचे वंशज. माझ्या आईनं एकदा खोदून विचारलं तर तिला थोबाडीत बसली. सगळ्या गावानं हेच केलं. अहो, या बेटाचं नावच बदललं, जुन्या नावाला कैद्यांचा वास येतो म्हणून. आणि गंमत म्हणजे प्रत्येक घराला ठाऊक होतं, की शेजारचं घर पण झाकतंय."

नाव बदलण्याचं मला नवल वाटलं नाही. हैदराबादेत तेव्हा रोज एखादी सरकारी पाटी नव्यानं रंगत होती. आणि आमचं आडनावसुद्धा सासऱ्यांनी शहरात आल्यावर घेतलेलं. आधीचं ऐकलं की मराठी माणसाला लगेच कळायचं. बिलोलीकर कुणीही असू शकतो. हैदराबाद त्या बाबतीत सोयीचं शहर आहे. तेलुगू माणूस आडनाव ऐकून फार तर "मराठीवाळ्ळा?" विचारतो, मराठी लोक का म्हणून, आणि हौ म्हणलं की संपलं. पुढचं फक्त मराठी माणूसच विचारतो. म्हणून मी ऑफिसात सगळ्यांशी बोलले, मराठी बायकांच्या डब्याला मात्र कधी बसले नाही.

आणि त्या पोरांच्या अंगणात, माझा हात हातात धरून, सुधाताई म्हणाल्या, "बिलोलीकर म्हणजे आमच्याच मुलखातले हो तुम्ही. आमचंही मूळ तिकडचंच. तुमचं कुलदैवत कोणतं?"

विषय निघाला होता. प्रज्ञा चार हातांवर होती, तिनं वळून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट एक सुटका होती, की आता आई बोलेल. 'आम्ही बौद्ध आहोत, सुधाताई, आमच्यात कुलदैवत नसतं.' एवढंच वाक्य. मराठीत, माझ्या मायबोलीत.

"माहूरची रेणुका," मी म्हणलं.

जीभ अडखळली नाही, हे मला सगळ्यात जास्त झोंबतं. सुधाताईंनी माझा हात घट्ट दाबला. मग म्हणाल्या, "वा. मग आपण एकाच देवीच्या."

जोनला मराठी कळत नव्हतं. ती कौतुकानं बघत होती, दोघी आया हात धरून काय बोलताहेत म्हणून. "काय विचारलं गं तिनं?" ती प्रज्ञाला म्हणाली.

"घराण्याची देवी कोणती, ते."

"अरे वा. कोणती मग?"

प्रज्ञानं माझ्याकडे बघितलं. मी खडीकडे बघितलं. पोरीला दोनच वाटा होत्या. परक्यांसमोर आईला खोटं पाडायचं, नाहीतर आईचं खोटं स्वतःच्या तोंडानं बोलायचं. "रेणुका," ती इंग्रजीत म्हणाली. "माहूरची."

ज्या पोरीनं आयुष्यात ही गोष्ट कुणापासून लपवली नव्हती, शाळेत नाही, कॉलेजात नाही, तिच्याकडून मी ते वदवून घेतलं. एलननं निदान चादर तरी उचलली होती. आमच्या आजीनं कुणाचं काय उचललं होतं, की मी तिला त्या अंगणात गाडून टाकावं?

नंतर ओढ्याकाठी जोननं शिदोरी सोडली. शिंपल्यांच्या पाय होत्याच. सुधाताई शाकाहारी, त्यांनी बटाट्याची घेतली. जोननं माझ्यापुढे माझी आवडती धरली, तर मी म्हणते कशी, "नको, मीही बटाट्याचीच घेते." अश्विन दुसरीकडे बघायला लागला.

संध्याकाळी प्रज्ञा कप विसळत होती. मी मागे जाऊन उभी राहिले. "चुकलं गं माझं. मी उद्याच सांगते त्यांना."

"उद्या सांगितलंस तर तू खोटारडी ठरशील," ती म्हणाली. "राहू दे. तू गेल्यावर मीच बघते काय ते." ओरडली असती तर बरं झालं असतं. कप पुसून तिनं ओळीनं ठेवले आणि मला विचारलं, तुझी पाठ दुखतेय का, शेक देऊ का.

त्यानंतरही मी होबार्टात होते. डोंगर बघितला, वॉलाबी नावाचं कांगारूचं धाकटं भावंड बघितलं, जोनच्या बागेत गवत उपटलं. तुम्हाला वर्णन हवं असेल तर क्षमा करा, मला नीट आठवत नाही. सुधाताई माझ्या आधी परतल्या. जाताना विमानतळावर गळ्यात पडल्या आणि म्हणाल्या, नारायणगुड्याला या, पुढचं ठरवू.

नारायणगुडा

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. "आमच्या बाबांनी धर्म बदलताना घरातले देव गोदावरीत सोडले," हे म्हणाले. "तू जाऊन एक वर काढून आणलास." एवढंच म्हणाले आणि चप्पल घालून खाली गेले.

मग मी ठरवलं, जाऊन सांगायचं. प्रज्ञाला कळवलं नाही. रिक्षात वाक्य घोकत गेले, शाळेतल्या पोरीसारखी. सुधाताईंचं घर दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीत तुळस, आत वकिलांची जाडजूड पुस्तकं. त्यांनी आग्रहानं बसवलं. स्वयंपाकाची बाई आत काहीतरी तळत होती. पाणी पिऊन मी सुरुवात केली, "सुधाताई, होबार्टात मी तुमच्याशी खोटं बोलले. आमचं कुलदैवत रेणुका नाही. आम्ही बौद्ध..."

"हळू," सुधाताई म्हणाल्या आणि स्वयंपाकघराकडे बघितलं. "बाई आहे आत."

मी थांबले. त्या जवळ सरकल्या. "मला ठाऊक आहे हो. अश्विननं मी निघायच्या आधीच सांगितलं होतं. मी त्या दिवशी विचारलं ते निव्वळ सवयीनं, तोंडातून गेलं आणि मीच जीभ चावली. म्हणलं, आता ही बिचारी काय सांगणार. तुम्ही माहूर म्हणालात आणि माझा जीव भांड्यात पडला. किती समजूतदार बाई, असं वाटलं मला. खरं सांगते."

मी पाण्याचा पेला परत उचलला, तो रिकामा होता.

"आता सगळं सोपं झालं," त्या म्हणाल्या. "नणंदांनी विचारलं, मी माहूर सांगितलं. पुण्याच्या जावेनं विचारलं, तिलाही तेच. पत्रिकेवर 'श्री रेणुकादेवी प्रसन्न' घालू या. दोन्ही घरांचं एकच कुलदैवत. कुणाला शंकाच यायची नाही. आणि प्रज्ञा गुणी आहे, आमच्यात मिसळून जाईल."

बाई प्रेमानं बोलत होती, हे लक्षात घ्या. माझ्या मुलीला सुखानं नांदवायची तिची तयारी होती, फक्त आधी पुसून घेऊन. आणि ते फडकं मीच तिच्या हातात दिलं होतं. तिला दोष देऊ कुठल्या तोंडानं? पुढ्यात भज्यांची बशी आली. मी एक उचललं, खाल्लं, छान झालीत म्हणलं. पत्रिकेचं मात्र नको म्हणलं. दोनदा म्हणलं. "बघू हो," त्या हसून म्हणाल्या.

रिक्षातूनच प्रज्ञाला फोन लावला. सांगून आले म्हणलं. तिनं विचारलं, कुणाला? मी सगळं सांगितलं, पत्रिकेसकट. मग ती म्हणाली, "आई, काकूंना तर ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नाही, त्यांना सांग."

म्हणून हे लिहिलं. हैदराबादच्या मराठी लोकांचा आपला हा वार्षिक अंक नारायणगुड्यात जातो, सुलतान बाजारात जातो, मी ज्यांच्या डब्याला कधी बसले नाही त्या बायकांच्या घरी जातो, आणि सुधाताईंच्याही घरी दरवर्षी जातो. तर ठाऊक नसलेल्यांसाठी: आम्ही बौद्ध. आम्हाला कुलदैवत नाही. मी होबार्टात खोटं बोलले. हे वाचून लग्न होईल की मोडेल, मला सांगता येत नाही. अश्विन म्हणतो होईल, पण त्याचा आवाज पूर्वीसारखा नाही. प्रज्ञा म्हणाली, छापायला दे.

तिला मराठी वाचायचं म्हणलं की ओळीओळीला ठेच लागते, म्हणून पाठवण्याआधी मी हे तिला फोनवर पहिल्यापासून वाचून दाखवलं. तिनं मधे एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर मी विचारलं, "तुझं आणि अश्विनचं नाव बदलून घालू का यात?"

"आई," ती म्हणाली, "अजून?"

नावं खरीच ठेवली आहेत.